नर्मदेचं पाणी वाटलं, मासे कुणाचे?

(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत आषाढात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात जे पुढेमागे झालं होतं, ते स्मरणिकेसाठी थोडं सरळ करून दिलं आहे.)



कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी "नर्मदेतले मासे" असं सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "अहो, आषाढी झाली, चातुर्मास लागलाय." मी म्हटलं, खायचे नाहीत, नुसतं बोलायचं आहे. आणि सरकारी नियमानेही सध्या मासे धरता येत नाहीत. मध्य प्रदेशात दर वर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट नदीतली मासेमारी बंद असते, १९७२ च्या नियमांप्रमाणे. म्हणजे आपला चातुर्मास आणि माशांची सुट्टी जवळपास एकदमच सुरू होते.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी मत्स्यखात्यातला नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि उपयंत्री म्हणून नोकरीला लागलो. वीसएक वर्षं नर्मदेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठाने बदल्या होत आल्या. गेज वाचायचा, किती पाणी आलं, किती सोडलं ते लिहायचं, कालव्याची दुरुस्ती बघायची, हे काम. पाण्यात काय पोहतं याची नोंद करायला माझ्या रजिस्टरमध्ये रकाना नाही. आज बोलतो आहे ते माझं स्वतःचं, खात्याच्या वतीने नाही.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत मासा शिजत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याही घरी आईच्या बाजूचे खातात, वडिलांच्या बाजूचे खात नाहीत. पण पाणी तर सगळेच पितो. १९७८ साली इंदूरला नर्मदा आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ती सत्तरएक किलोमीटर, घाट चढवून आणली. त्याआधीचे पाण्याचे हाल इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील. तेव्हा नर्मदेच्या वाटेकऱ्यांमध्ये आपणही आहोत, आणि वाटेकऱ्याने वाटणीपत्र एकदा तरी वाचलेलं असावं.

आधी नदीचा पत्ता. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदा १३१२ किलोमीटर वाहते. त्यातले १०७७ किलोमीटर आपल्या मध्य प्रदेशात. मग ३५ किलोमीटर अशी की एका काठावर मध्य प्रदेश आणि दुसऱ्यावर महाराष्ट्र. पुढे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात समोरासमोर. शेवटची १६१ किलोमीटर गुजरातची. महाराष्ट्राच्या वाट्याला ती येते नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या उत्तरेला. नर्मदा महाराष्ट्रालाही लागते हे पुण्याच्या नातेवाइकांना सांगितलं की ते अजून नकाशा काढून बघतात.

या ७४ किलोमीटरच्या पट्ट्यात नदी हीच सीमा आहे. नाव एका राज्यातून सुटते आणि जाळं दुसऱ्या राज्यात पडतं. आता तर तिथे नदीही उरलेली नाही, सरदार सरोवराचा २१४ किलोमीटर लांबीचा फुगवटा आहे. त्या बुडितात २४५ गावं आली. गुजरातची १९, महाराष्ट्राची ३३ आणि मध्य प्रदेशची १९३.

आता वाटणीपत्र. १९६९ साली नर्मदा पाणीवाटप लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा निवाडा अंमलात आला. नदीचं वापरता येण्याजोगं पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरलं. त्यातलं १८.२५ मध्य प्रदेशला, ९ गुजरातला, अर्धं राजस्थानला आणि पाव महाराष्ट्राला. राजस्थानातून नर्मदा वाहतही नाही, तरी वाळवंटाला पाणी हवं म्हणून त्यांचा वाटा ठेवला. सरदार सरोवराच्या विजेचीही वाटणी ठरली. मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. भांडणं नंतरही झाली, पण हिशेब म्हणून तो निवाडा फार नेटका आहे. आमच्या पेशातला माणूस तो वाचताना मान डोलावतो.

त्यात मासे नाहीत का? आहेत, एका छोट्या कलमात. बुडिताची जमीन गुजरातकडे गेली तरी तिच्यावरच्या पाण्यात मासेमारी, नौकानयन आणि जलवाहतूक यांचा हक्क मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचा राहील, ज्याच्या त्याच्या हद्दीपुरता. अट एकच, प्रकल्पाच्या उपयोगाला बाधा येता कामा नये. कलम न्यायाचंच आहे. ज्याची गावं बुडाली त्याने निदान मासे तरी धरावेत.

पण त्या कलमात मासे धरण्याचा हक्क वाटला आहे. मासे होतात कसे आणि कुठे, याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा खुलासा.

घटनेतच हे दोन ठिकाणी पडलं आहे. आंतरराज्य नद्यांचं नियमन आणि विकास हा विषय केंद्राच्या यादीत, ५६ क्रमांकावर. मत्स्यव्यवसाय राज्यांच्या यादीत, २१ क्रमांकावर. त्यामुळे पाण्यासाठी चार राज्यं एका टेबलाशी बसतात आणि माशांसाठी प्रत्येक राज्य आपापल्या राजधानीत बसतं. मध्य प्रदेशचा मत्स्य कायदा १९४८ चा, महाराष्ट्राचा १९६० चा, गुजरातचा २००३ चा. कोणत्या महिन्यात धरायचं नाही, जाळ्याचा आस म्हणजे भोकाचं माप किती, किती लहान मासा परत सोडायचा, हे सगळं तीन ठिकाणी ठरतं.

तीन जीवांची गोष्ट सांगतो, म्हणजे अडचण लक्षात येईल.

पहिला महाशीर. आपल्या निमाडात त्याला बाडस म्हणतात, महाराष्ट्रात काही भागांत खडस. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा मासा. २०११ साली मध्य प्रदेशने याला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. पावसाळ्यात पाणी चढलं की हा उलटा, उपनद्यांच्या वरच्या अंगाला जातो आणि दगडगोट्यांतल्या स्वच्छ, वाहत्या, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात अंडी घालतो. गोट्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात. केंद्रीय मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी १९५८ ते १९६६ या काळात होशंगाबादच्या पट्ट्यात पाहणी केली, तेव्हा पकडीतला जवळपास चौथा हिस्सा या एकट्याचा होता. आज त्या घाटांवर विचारा. म्हातारे केवट हातांनी माप दाखवतात, तरुणांनी तेवढा मोठा पाहिलेलाच नसतो. वाळू उपशाने त्याच्या जागा खरवडल्या, धरणांनी उरलेल्या बुडवल्या. बडवाहच्या वनविभागाने त्याची पिल्लं तयार करून सोडण्याचं काम केलं, ते चांगलंच झालं. पण सोडलेल्या पिल्लाला मोठं होऊन अंडी घालायला वाहतं पाणी आणि गोटेच लागणार.

दुसरा पाला. बंगाली ज्याला इलिश म्हणून डोक्यावर घेतात तोच, हिल्सा. हा राहतो समुद्रात. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी जोरात समुद्रात उतरलं की त्या ओढीने भरूचच्या मुखातून आत शिरतो आणि नदीत वर येऊन अंडी घालतो. भरूच, भाडभूतच्या मच्छीमारांचं वर्षाचं बजेट या दोन-तीन महिन्यांच्या धंद्यावर चालायचं.

तिसरी मोठी गोड्या पाण्यातली कोळंबी, आणि हिचा प्रवास बरोबर उलटा. राहते नदीत, पण अंड्यांसाठी खाली खाडीकडे जाते, कारण तिची पिल्लं मचूळ पाण्यातच जगतात. थोडी मोठी झाली की पुन्हा नदी चढू लागतात.

म्हणजे एक वर जाणारा, एक समुद्रातून आत येणारा, एक खाली जाऊन परतणारी. यांच्यासाठी नदी म्हणजे माहेर-सासरचा रस्ता आहे. आणि त्या रस्त्यावर आम्ही बरगी (१९९०), इंदिरा सागर (२००५), ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी एकापुढे एक धरणं बांधली. तवेवर तर १९७८ मध्येच झालं होतं. मी धरणाच्या विरोधात बोलायला उभा नाही. माझं मीठ त्याच पाण्यातलं आहे, आणि जलूदचा पंप बंद पडला तर उद्या सकाळी मीच पहिला ओरडेन. पण बांधल्यावर काय झालं ते बघायला काय हरकत आहे?

एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. धरण नदी अडवतं हे दिसतं. पण वीजघर असलेलं धरण नदीला दिवसातून वर-खाली करतं, ते काठावर राहिल्याशिवाय दिसत नाही. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की टर्बाइन चालू होतात आणि खाली पाणी चढतं. मध्यरात्रीनंतर मागणी उतरली की पाणी उतरतं. गेजवर हे स्वच्छ वाचता येतं. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला भूतडी अमावास्येच्या स्नानाला जमलेले लोक अशाच सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, ते इथे सगळ्यांना आठवत असेल. माणसांसाठी भोंगा वाजवता येतो. पण संध्याकाळच्या पाण्यात काठाच्या उथळात घातलेली अंडी पहाटे पाणी उतरल्यावर उघडी पडतात आणि दुपारच्या आत वाळून जातात. मासे कमी झाले म्हणजे कुणीतरी जास्त धरले, असं आपण धरून चालतो. काही वेळा ते धरण्याआधीच गेलेले असतात.

आणखी खाली गुजरातेत वेगळाच प्रश्न. सरदार सरोवराच्या खाली नदीत किमान किती पाणी सोडायचं? आकडा होता ६०० क्युसेक, सेकंदाला १७ घनमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, त्याच धरणातून निघणाऱ्या मुख्य कालव्याची सुरुवातीची वहनक्षमता आहे ४०,००० क्युसेक. नदीपात्रातलं वीजघर चालू असेल तर खाली जास्त पाणी जातं, हेही खरं. पण कमी पावसाच्या वर्षी, उन्हाळ्यात, भरूचपर्यंत गोडं पाणी पोहोचेनासं झालं आणि समुद्र आत सरकला. विहिरी, बोअर खारट झाले. पाल्याला जी ओढ लागायची ती कमी झाली. आता खारं पाणी थोपवायला भाडभूतजवळ बॅरेजचं काम सुरू आहे. तिथल्या मच्छीमारांना धास्ती आहे की पाल्याचं दारच बंद होणार. आराखड्यात माशांसाठी वाट ठेवली आहे. ती वाट पाल्याच्या सवयीप्रमाणे निघाली का हे बॅरेज झाल्यावर पावसाळ्यातच कळेल.

काही वर्षांपूर्वी एका जलाशयाच्या काठावर माझी ड्यूटी होती. सकाळी गेज वाचायला जायचो तेव्हा एक केवट भाऊ जाळं सोडवत बसलेले असायचे. माझ्या बाबांच्या वयाचे, मी त्यांना दादाजी म्हणायचो. एकदा माझ्या हातातल्या रजिस्टरकडे बोट करून म्हणाले, "साहब, पानी का हिसाब तो इसमें है। मछली का हिसाब किसके पास है?" मी म्हटलं, मत्स्यखात्याकडे असेल. ते म्हणाले, खातं ठेकेदाराकडून विचारतं आणि ठेकेदार मला विचारतो. पुढे काही बोलले नाहीत, जाळं सोडवत राहिले.

ठेकेदार म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे मोठे जलाशय राज्याच्या मत्स्य महासंघाकडे आहेत. तिथे मासा धरणारा एक, विकत घेणारा दुसरा. धरणाऱ्याला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते. ठेका काही वर्षांचा. ज्याला पाचव्या वर्षी तिथे राहायचंच नाही, तो बारीक आसाचं जाळं थांबवायला का जाईल?

याला एक वेगळं उदाहरण आपल्याच खोऱ्यात होऊन गेलं, आणि आपल्या मराठी घरांत ते जवळजवळ माहीत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. तवा धरणाने ४४ गावं उठली, बहुतेक गोंड आणि कोरकू आदिवासी. जमीन गेली, आणि समोर जे पाणी साठलं त्यात मासे धरायचा हक्कही आधी महामंडळाकडे आणि मग खासगी ठेकेदाराकडे गेला. आपल्याच बुडालेल्या शेतावर जाळं टाकणं चोरी ठरू लागलं. तिथल्या किसान आदिवासी संघटनेने लढा दिला आणि १९९६ साली सरकारने जलाशय पाच वर्षांसाठी विस्थापितांच्या सहकारी संघाला दिला. तवा मत्स्य संघ. गावोगावच्या प्राथमिक संस्था आणि त्यांचा वर एक संघ, अशी रचना. मासे कुठे उतरवायचे, भाव काय, बर्फ कुठून, मोठ्या शहरांकडे माल कसा पाठवायचा, मत्स्यबीज किती सोडायचं, सगळं त्यांनी ठरवलं. सरकारला रॉयल्टी दिली. आणि पावसाळ्याची बंदी स्वतः पाळली, स्वतःच पहारा दिला. ज्या लोकांना काल चोर म्हणत होते तेच रात्री नावेतून चोर पकडत फिरत होते. उत्पादन आधीपेक्षा वाढलं आणि धरणाऱ्याच्या हातात पडणारे पैसेही वाढले. २००१ मध्ये मुदतवाढ मिळाली. २००६ च्या अखेरीस ती संपली आणि पुन्हा मिळाली नाही, कारण जलाशयाचा भाग अभयारण्य आणि व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत येतो. बरगीतही विस्थापितांच्या संस्थांचा असाच संघ झाला होता, १९९४ पासून काही वर्षं. तोही टिकला नाही. आजही सरदार सरोवराच्या काठाने, बडवानीकडे आणि पलीकडे नंदुरबारच्या बुडीत गावांत, लोक सहकारी संस्था करून हाच हक्क मागत आले आहेत.

मला यात एक शिकायला मिळालं. बंदी पाळायला पोलीस लागतात असं आपण समजतो. पुढच्या वर्षीचा मासा आपलाच आहे याची खात्री लागते. ती असली की माणूस उपाशी पोटीसुद्धा दोन महिने जाळं वाळत घालतो.

पण तवा संघाची नजर तवा जलाशयापुरतीच असणार. ते किती शहाणे असले तरी खालच्या धरणाचं टर्बाइन त्यांच्या हातात नव्हतं आणि भरूचचं खारं पाणीही नव्हतं. आणि वरचं पाप खाली जातंच. थाई मागूर हा मांसाहारी मासा भारत सरकारने २००० सालीच पाळायला बंद केला आहे, तरी तो चोरून पाळला जातो. एखाद्याच्या तळ्याचा बांध पुरात फुटला की तो नाल्यातून नदीत जातो. तिलापियाही असाच पसरतो. तो कोणत्या राज्यात सुटला हे खालच्या राज्याला कधीच कळत नाही. एवढंच कशाला, सगळीकडे सरकारच जी कटला, रोहू, मृगलची बोटुकली सोडतं, ती मुळात मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातली जात. पोटासाठी ते चालेल, पण एका राज्याने बीज सोडलं तर दुसऱ्याला निदान कळवायला हवं, एवढंही होत नाही.

मग हे कुठे जमलं आहे का? जमलं आहे, आणि मारामारीनंतर जमलं आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या मध्ये पाच मोठी गोड्या पाण्याची सरोवरं आहेत. काठावर अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत. माशांसाठी एकत्र नियम करावेत म्हणून १९०८ मध्ये करार झाला, तो अंमलातच आला नाही. १९४६ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तोही मंजूर झाला नाही. प्रत्येकाला वाटायचं, माझे मासे मी धरणार, दुसरा सांगणारा कोण.

मग आला लॅम्प्रे. सापासारखा, तोंडाने दुसऱ्या माशाला चिकटून त्याचं रक्त शोषणारा समुद्री जीव. नायगाराच्या धबधब्याने तो खाली अडून होता. जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालणारा कालवा काढला आणि मोठा केला, त्या वाटेने तो १९२१ मध्ये वरच्या सरोवरात दिसला आणि पुढच्या वीस वर्षांत सगळीकडे पोहोचला. लेक ट्राउट नावाचा त्यांचा हुकमी मासा काही सरोवरांतून जवळपास संपला. हे काम म्हणजे आमच्याच बिरादरीचं. कालवा काढणाऱ्याला त्यातून काय पोहत जाईल याचा रकाना नव्हता.

तेव्हा कुठे १९५४ मध्ये करार झाला आणि पुढच्या वर्षी आयोग कामाला लागला. आयोगाचं काम पाहण्यासारखं आहे. कुणी किती मासे धरायचे हे तो ठरवत नाही, ते राज्यांकडेच राहिलं. आयोगाने दोनच गोष्टी घेतल्या, लॅम्प्रेचा बंदोबस्त आणि संशोधन. लॅम्प्रेची पिल्लं नाल्यांच्या तळाशी काही वर्षं गाळात राहतात, तिथेच त्यांना मारणारं औषध शोधून काढलं. आज लॅम्प्रे पूर्वीच्या दहाव्या हिश्श्यावर आणून ठेवले आहेत, पण काम थांबवलं तर पुन्हा वाढतात, म्हणून दर वर्षी दोन्ही देश पैसे घालतात. १९८१ मध्ये राज्यांनी आपसांत एक योजनाही मान्य केली, सहमतीने चालणारी, कायद्याने बांधलेली नाही. तरी चालली, कारण तोपर्यंत त्यांना एकमेकांचे आकडे खरे मानायची सवय झाली होती.

आपल्याकडे ते तसंच्या तसं लागू होणार नाही. तिथे श्रीमंत देश आणि हौशी गळ टाकणारे, इथे केवट, कहार, ढीमर आणि विस्थापित आदिवासी. पण त्यांनी काय एकत्र केलं आणि काय नाही, ते उचलण्यासारखं आहे. धरण्याचा हक्क वाटता येतो, तो राज्यांकडे आणि खाली गावांकडे राहू द्या. जे वाटताच येत नाही तेवढंच एका जागी आणा.

आणि ती जागा नवी काढायची गरज नाही. निवाड्याप्रमाणे १९८० मध्ये नर्मदा नियंत्रण प्राधिकरण स्थापन झालं, त्याचं कार्यालय आपल्याच इंदुरात, विजयनगरला आहे. आपण रोज त्यावरून जातो. चारही राज्यांचे प्रतिनिधी तिथे बसतात, केंद्राचे जलसचिव अध्यक्ष असतात. पर्यावरणाचा एक उपगट आहे आणि त्याच्या कामाच्या यादीत मत्स्यव्यवसायही आहे. पाणी सोडण्याचे आकडे तिथे येतातच. तिथे मला तीन गोष्टी झालेल्या बघायच्या आहेत. सरदार सरोवराच्या पूर्ण पाण्यात, तिन्ही राज्यांसाठी, बंदीच्या तारखा आणि जाळ्याचा आस एकच असावा, कारण एका काठावर बंदी आणि समोर चालू असेल तर बंदी पाळणारा मूर्ख ठरतो. पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे पाणी एकदम चढवू-उतरवू नये, आणि मुखाकडे पाल्याला ओढ लागेल एवढं सोडावं. यात विजेचं थोडं नुकसान आहे, ते मोजून सगळ्यांनी वाटून घ्यावं, वीज जशी वाटली तशी. आणि धरलेल्या माशांचा हिशेब जातवार, घाटवार, धरणाऱ्यांच्या संस्थांकडून घेऊन एका रजिस्टरमध्ये यावा. तिसरी सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या अनुभवाने सगळ्यात कठीण. आकडा द्यायला लागला की ठेक्याची रक्कम कमी का, हा प्रश्न मागोमाग येतो.

माझं भाषण इथे संपलं होतं, पण नंतर जे प्रश्न आले त्यांतले दोन संपादकांनी आग्रहाने घालायला सांगितले.

एका तरुण मित्राने विचारलं, धरणात माशांसाठी जिना करता येत नाही का? लहान बंधाऱ्यांना करता येतो आणि करायलाच हवा. पण सरदार सरोवरासारख्या उंच भिंतीला जिना करून मासा वर चढेल, आणि चढला तरी पुढे दोनशे किलोमीटर साचलेल्या पाण्यातून वाट काढेल, ही आशा मी तरी धरणार नाही. तिथे आहे त्या पट्ट्यांत, उपनद्यांच्या तोंडाशी, काय वाचतं ते बघावं.

आणि एका काकूंनी विचारलं, महेश्वरच्या घाटावर आम्ही कणकेच्या गोळ्या टाकतो, त्या टाकाव्यात की नाही? काकू, चिमूटभर टाका, काही बिघडत नाही. माशांना सवय झाली आहे आणि मुलांना मजा वाटते. मात्र घाटावर मिळणाऱ्या मुरमुऱ्यांची पिशवी रिकामी झाली की ती घरी आणा, आणि पीठ साधं घ्या, तेल-मीठ घातलेलं नको. आणि जुलैत गेलात तर एकदा सकाळी लवकर, पाणी उतरलेलं असताना, घाटाच्या खालच्या पायऱ्यांच्या कडेला बघा. ओल्या दगडांवर पाण्याची रेघ आदल्या संध्याकाळी कुठपर्यंत होती ते दिसतं.